यादीतून काढलेली आई

कुमासी शहरात दर शनिवारी कुणाचा ना कुणाचा अंत्यविधी असतो, आणि त्याचं चित्रण न करणारं घर शोधूनही सापडायचं नाही. बंतामा भागातला मॅडम बिरागोंचा स्टुडिओ त्यावरच चालायचा, आणि स्टुडिओ चालायचा संकलन करणाऱ्या यॉ आसियामाच्या जिवावर. हे मॅडमच्या तोंडून मात्र कधी निघालं नाही.

चौदा वर्षांचे अंत्यविधी यॉने चार डिस्कच्या जोडणीत, रेड म्हणतात तिच्यात, सांभाळले होते. एक डिस्क मेली तरी बाकीच्या तिघी निभावून नेतात. पण त्या जुन्या झालेल्या. संकलन करताना चित्र अडखळायचं आणि गिऱ्हाइकं बाकावर बसून चडफडायची. शेवटी मॅडमनी तळहाताएवढी एसएसडी, नव्या जातीची वेगवान डिस्क, आणली.

"आता पळेल ना रे?"

"पळेल मॅडम. पण ही एकटी आहे. ही गेली की हिच्यावरचं सगळं गेलं."

"तुझ्या तोंडून कधी चांगलं निघेल तर शपथ!"

यॉने चारही जुन्या डिस्कचे नंबर कागदावर उतरवले. नवी कोरी करताना चुकून जुनी पुसली जाऊ नये म्हणून पडद्यावरचा नंबर तीनदा वाचला. मग व्यवस्था लावली: चालू काम एसएसडीवर, आणि संध्याकाळी त्याची प्रत आपोआप रेडवर. चार दिवसांचं काम दीड दिवसात व्हायला लागलं. मॅडम खूश.

त्याच महिन्यात यॉची आई गेली. स्टुडिओने चित्रण फुकट केलं, आणि फुकटचं काम रांगेत सगळ्यांत शेवटी उभं राहतं, तसं तेही राहिलं. थोरला मुलगा म्हणून यॉ त्या दिवशी सुतकाचं लाल-काळं नेसून, मान खाली घालून खुर्चीत बसला होता आणि शेकडो लोक हात मिळवून पुढे सरकत होते. आईला सजवून पलंगावर निजवलं होतं, तिच्या मैत्रिणी गात होत्या म्हणे. त्याने पाहिले ते नुसते हात. व्हिडिओत तरी आईला नीट बघावं, एवढंच त्याला हवं होतं. वर्षाच्या दिवशी सगळं गणगोत तो बघायला जमणार होतं.

मॅम्पाँगहून बहिणीचा, आफ्रियेचा फोन यायचा. "जगाची मढी नटवतोस, आपल्या आईला कधी हात लावणार?"

"होईल गं ताई. एवढी दोन गिऱ्हाइकं उरकू देत."

आणि दोन महिन्यांत रेड भरली. संध्याकाळची प्रत मावेना.

"मॅडम, नवी डिस्क घ्यावी लागेल. नाहीतर जुन्यांतलं काही पुसू का?"

"वेडा की काय? लोक दहा वर्षांनीसुद्धा मागायला येतात. डिस्कचं पुढे बघू. तुझ्या आईचं आहे ना तिथे, ते काढ. घरचंच आहे, कुठे पळून जातंय?"

यॉ "बरं" म्हणाला. चौदा वर्षं "बरं" म्हणणाऱ्याला दुसरं काही सुचतच नसावं. त्याने रेडवरची आईची प्रत पुसली आणि रोज प्रत होणाऱ्या कामांच्या यादीतून तिचं नाव स्वतःच्या हाताने काढलं. एसएसडीवर मूळ होतंच. कॅमेऱ्याची कार्डं तर केव्हाच पुसली गेली होती, कारण पुढच्या शनिवारी पुढचं प्रेत.

प्रत पुसल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी वीज तीनदा गेली आणि आली. त्यानंतर मशीन सुरू झालं, पण एसएसडी त्याला दिसेना. यॉने वायर बदलली, डिस्क दुसऱ्या मशीनला लावून पाहिली, मग बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे धावला. त्याने अर्धा तास खटपट केली आणि ती परत हातात ठेवली.

"हिच्यात काही राहिलं नाही, मास्टर."

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "किती गेलं? कुणाकुणाचं गेलं?"

यॉने रेडवरची यादी मोठ्याने वाचली. परवाच्या शिक्षिकेचं होतं. लाकूडवाल्याच्या बापाचं होतं. एकूण एक गिऱ्हाईक होतं. मॅडमनी दोन्ही हात आकाशाकडे उचलले.

"प्रभू, तू राखलंस रे! एकाचंही काही जाऊ दिलं नाहीस!"

अख्खा स्टुडिओ आमेन म्हणाला. सवयीने यॉही म्हणाला, आणि त्या एका शब्दाची त्याला जन्मभर लाज वाटत राहिली.