देवळाच्या पायरीवर बसणारे योहानमामा

“पेटी कोनाच्या घरी उघडन, हे पॅक करनाऱ्याले कोनी सांगत नाई.”

हे वाक्य योहानमामांनी उच्चारलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती, आम्ही नाताळासाठी पुलगावला आजोळी गेलो होतो आणि मामांनी दारूगोळ्याच्या डेपोतली पॅकिंगची नोकरी सोडली होती. मामी कणीक मळत होती. “पन सोडली काऊन?” या तिच्या प्रश्नाला मामांनी दिलेलं उत्तर एवढंच.

यंदा दिवाळीनंतर मामीचा फोन आला. “कापनीच्या सनाले येजो. डाक्टर म्हनते, माहं दिल थकलं. मले देवळात एकटीले बाकावर बसाचा कंटाळा आला बाई. मामाले आत आनून माह्या बाजूले बसव.”

मी रजा टाकली.

पुण्याहून वर्ध्याला उतरलात तर स्टेशनाबाहेर तर्री-पोहे खा, दहा रुपयांत पोट भरतं. घरच्यांसाठी गोरसपाक बिस्किटांचे डबे मात्र परतताना घ्या, आधी घेतले तर वाटेतच संपतात. पुढे देवळीमार्गे पुलगावची एसटी तासाभराची. रस्ता बरा आहे, फक्त कापसाच्या बैलगाड्यांमागे बस रेंगाळते. दोन्ही बाजूंची शेतं फुटलेल्या बोंडांनी पांढरी झाली होती. शेजारी उभ्या बाईनं सीटवरच्या माझ्या बॅगेकडे पाहिलं. “तिचंबी तिकीट काढलं काय?”

“नाही.”

“मंग मांडीवर घे ना तिले. मी काय उभी राहून राह्यली शौक म्हनून?”

बॅग मांडीवर आली, बाई बसली आणि उतरेपर्यंत तिनं मला चार संत्री खाऊ घातली.

एक सूचना. पुलगावात डेपोच्या बाजूला कॅमेरा बाहेर काढू नका. गावात फिरा, नदीवर जा. गाव शांत आहे. ज्या घराच्या ओट्यावर बसाल, तिथला कुणीतरी डेपोत असतो, कुणीतरी फौजेत.

मामांचं घर दोन खोल्यांचं. डेपोचं क्वार्टर सुटल्यावर ते सुतारकाम शिकले, मामीनं शिलाई मशीन घेतलं आणि दोन्ही मुलींची शाळा दहावीत थांबली. मामी हे तक्रार म्हणून सांगत नाही, पण सांगते. “यायनं लढाईतून हात काढला, अन् पोरीयनं कालेजातून,” भाकरी थापता थापता ती म्हणाली. मामा खाली मान घालून झुणका खात राहिले. अंगणात सागाचा नवा पोळपाट घासून ठेवला होता.

पोळपाट सणासाठी होता. पुलगावच्या आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या सणाला प्रत्येकानं आपल्या हाताच्या कामाचं फळ आणायचं असतं. शेतकरी कापूस आणतात, भोपळे आणतात, कोंबड्या आणतात. डेपोतले लोक आपल्या कामाचं फळ आणू शकत नाहीत, म्हणून ते क्वार्टरच्या परसातले पेरू आणतात. उपासना झाली की अंगणात सगळ्याचा लिलाव. मामा दरवर्षी एक पोळपाट देतात. तो दुसरं कुणीतरी आत नेऊन ठेवतं, कारण मामा कारगिलच्या वर्षापासून देवळाच्या पायरीवर बसतात.

त्या वर्षी सुशीलाबाईंचा मुलगा सरहद्दीवर कामी आला. मामांच्या गल्लीतला, त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. पुढच्या रविवारी, ज्याला वाटेल त्यानं उभं राहून प्रार्थना करायची त्या वेळेला, मामा उठले. आधी त्या मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी मागितलं. मग म्हणाले, “अन् परभू, पलीकडं जिचा पोरगा गेला त्या माईलेबी सांभाळ.” सुशीलाबाई उठून बाहेर गेल्या. देवळाच्या पंचांनी मामांना समजावलं की प्रार्थना करा, पण तेवढं शेवटचं सोडून. मामा म्हणाले, “अर्धी प्रार्थना मले येत नाई.”

शनिवारी संध्याकाळी मी घराच्या ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले. “मामा, नुसतं आत येऊन बसा. मामीसाठी.”

“मी आत आलो त उभा राहीन. उभा राह्यलो त बोलीन. मंग सुशीला बाहेर जाईल. जिचं पोरगं गेलं तिले बाहेर काढून मी आत काऊन बसू, सांग बरं?”

“मनातल्या मनात म्हणा.”

“वैऱ्याचंबी भलं मागा, हे परभूनं मनातल्या मनात सांगतलं काय?” ते हसले. “लढाई तिकडं होते सरोज, पन तिचं जेवन इथं शिजते. सुशीलाच्या चुलीवर आता एकाच मानसाचं शिजते. तिकडंबी तसंच असंल.”

आतून मामी ओरडली, “आले काय ते देवळाच्या आत?”

“पायरीपावतर आले!” मामांनी उत्तर दिलं.

रविवारी देवळात कापसाचा आणि पेरूंचा मिळून एक गोड वास भरला होता. मी मामीशेजारी बसले. तिच्या डाव्या बाजूची जागा रिकामी होती आणि तिनं तिथं पदराचं टोक पसरून ठेवलं होतं. गाणं सुरू झालं की दारातून मामांचा खालच्या पट्टीतला आवाज येई आणि मामी त्याला धरून गाई. प्रार्थनेच्या वेळी देशासाठी आणि जवानांसाठी मागणं झालं. मीही मनापासून आमेन म्हटलं. दार मात्र गप्प होतं.

लिलावात पोळपाट निघाला. बोली वीसवर असताना मागून आवाज आला, “पन्नास!” सुशीलाबाई.

“घरी किती पोळपाट झाले हो बाई? दुकान टाकता काय?” कुणीतरी चिडवलं.

“तुह्या बायकोच्या पोया गोल होत नाई, तिले देतो एक,” त्या म्हणाल्या आणि पोळपाट काखेत मारून निघाल्या.

मी मागोमाग गेले. त्यांनी चहा टाकला. भिंतीला मुलाचा वर्दीतला फोटो होता, खाली फळीवर पोळपाटांची चळत.

“माह्या पोराच्या कबरीवरचा क्रूस योहाननंच बनवला,” मी न विचारताच त्या म्हणाल्या. “पैसे देऊन राह्यली होती, घेतले नाई. मंग मी पोळपाट घेतो.”

“मग मावशी, त्यांची ती प्रार्थना...”

“तो चूक बोलला नाई. मले ते ऐकवत नाई. दोन्ही वेगळ्या गोष्टी हायेत बाई.” त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. “चहा घे. थंडा होते.”

मी चहा घेतला.

पुण्याला परत येऊन आठवडा झाला. गोरसपाक संपला, फोटो धुऊन आले. मामा बरोबर आहेत असं मला वाटतं. पण माझं कुणी सरहद्दीवर गेलेलं नाही आणि पुलगावातल्या त्या घरात बसून हे म्हणायची माझी प्राज्ञा नाही. मामीच्या मुलींचं कॉलेज आणि सुशीलाबाईंची एकाची भाकरी, या दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही. काल मामीचा फोन होता. तिच्या छातीत पुन्हा दुखलं, डॉक्टर सेवाग्रामच्या इस्पितळात न्या म्हणाले. ती म्हणते, नाताळ झाल्यावर.

आज सकाळी मी सुशीलाबाईंना फोन लावला. त्या नाही म्हणतील, हे नंबर फिरवतानाच मला ठाऊक होतं.

“मावशी, नाताळच्या उपासनेला मामांना मामीजवळ बसू द्या. ते उभे राहतील, आणि ते वाक्य म्हणतील. तुम्ही आमेन म्हणू नका. त्यांचं बोलणं संपेपर्यंत फक्त आपल्या जागेवर बसून राहाल का?”