तिवसाच्या मुठी

मला गाडीत बसवायला बाबा सौंदडच्या स्टेशनवर आले, ते हातात सुतळी घेऊन. छोट्या लाईनची गाडी उशिरा येणार होती. माय ट्रंकेवर तोंड फिरवून बसली होती. बाबा मला म्हणाले, "नीट उभा राय," आणि चार लोकांदेखत फलाटावर त्यांनी माझं माप घेतलं. टाचेपासून सैल सोडलेल्या हातापर्यंत एक गाठ. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दुसरी. मग मूठ वळायला लावली, तिच्याभोवती सुतळी फिरवली आणि तिसरी गाठ मारली. "आला का तुह्या मापाचं रुमणं तयार राहीन," एवढंच म्हणाले. मला इतकी लाज वाटली की गाडी आल्यावर मी त्यांच्या पाया पडायचंही विसरलो.

हे मी सौंदडला राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे नागपूर, रायपूर, कलकत्त्याकडे निघून गेले त्यांच्यासाठीही. तुमच्यातल्या पुष्कळांना ही सुतळी ठाऊक आहे. आमचं घर वाढ्याचं, म्हणजे सुताराचं. गावातले नांगर, वखर, बैलगाड्या आमच्या अंगणात व्हायच्या. रुमणं म्हणजे नांगराचा हातात धरायचा दांडा, आणि तो बाबा कधीही अंदाजाने करत नसत. नांगर ज्याचा, त्याला अंगणात उभं करून तीन मापं घेत आणि सुतळी त्याच्या नावाने खुंटीला टांगत. अक्तीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, नवा नांगर त्या सुतळीवरून तयार व्हायचा. कोणी म्हणालं की माझी कंबर दुखते, तर बाबा त्याला वैद्याकडे पाठवायच्या आधी त्याचा नांगर पाहायला जात. "माणूस वाकला त चूक माणसाची नाही, करणाऱ्याची," असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या घरातला मुलगा अठराचा झाला की त्याचंही माप निघायचं आणि दीड एकराची बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्याच्या हातात यायची. मी नेमका त्याच वर्षी निघालो. सातवी पास होतो, अक्षर बरं होतं, आणि चिखलात आयुष्य काढायचं नाही हे मनाशी पक्कं होतं.

गोंदियात मला तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, गोदामावर कारकुनी मिळाली. मुर्रीला एक खोली घेतली. तिकडे घरांच्या मागे धानाच्या बांध्याच होत्या, पण त्या दुसऱ्याच्या असल्यामुळे मला आवडत. गोंदियाची भाषा तुम्हाला माहीत आहे. अर्ध्या वाक्यानंतर हिंदी सुरू होते आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. महिन्याभरात मीही "क्या भाई" म्हणून हाक मारायला लागलो. घरी आलो तेव्हा माय म्हणाली, "कायले असा बोलून राहिला, पाहुण्यावानी?" मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

मुर्रीहून गोदाम, आणि मग गोदामावरून पानं गोळा होतात त्या गावोगावच्या फडांवर ढीग पाहायला जायचं, म्हणजे सायकल पाहिजेच. मी घेतली ती कुठल्याशा साहेबाची जुनी, विलायती, खाली झुकलेल्या हँडलची. वेगात जायची, दिसायची झोकदार. तिच्यावर मी बगळ्यासारखा मान काढून बसायचो आणि बाजारातले लोक पाहतात म्हणून फुशारायचो. चार-पाच वर्षांत त्या फुशारकीने माझी कंबर धरली. हातांच्या करंगळ्या बधिर व्हायच्या, लेखणी धरवत नसे. सीट टोचते असं वाटून मी तिच्यावर कापसाची गादी शिवून घातली, तर दुखणं वाढलंच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितलं. गोदामाच्या मॅनेजरने सरळ विचारलं, "सायकल नाही चालवणार तर फडावर कोण जाणार?" माझ्या जागेवर बसायला माणसं तयारच होती. नोकरी गेली की सौंदडला परत, हे मला दिसत होतं, आणि ती खुंटीवरची सुतळीही दिसत होती.

मायला पत्र लिहिलं, त्यात कंबरेचं लिहून बसलो. पत्र गावच्या मास्तरांनी वाचून दाखवलं असणार. आठव्या दिवशी बाबा मुर्रीला माझ्या दारात उभे. खांद्यावर हत्यारांची थैली, काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, आणि मनगटाला ती सुतळी. मी ओळखली. मला वाटलं, न्यायला आले. सगळे शब्द मी तयार केले होते, की मी येणार नाही, इथेच काहीतरी करीन. बाबा पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "सायकल दाखव."

मग त्यांनी मला भिंतीला धरून सायकलवर बसायला लावलं आणि स्वतः बाजूला उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. "असा कोण बसते? काही पडलं काय खाली, शोधून राहिला?" घरमालकिणीकडून त्यांनी तुसाची राख मागून आणली. ती पाटावर पसरली, मला त्यावर बसवलं, उठवलं. राखेत दोन खळगे उमटले होते. बसताना माणसाचा भार ज्या दोन हाडांवर येतो, त्यांचे ते खळगे. त्या दोघांमधलं अंतर त्यांनी बोटांनी मोजून घेतलं. घरमालकीण दारातून पाहत होती. मी धोतर झटकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोंदियाच्या बाजारात छोटेलाल मिस्त्रीच्या दुकानात गेलो. लढाईचे दिवस होते. विलायती माल येत नव्हता, रबर तर दिसतच नसे. मिस्त्रीने मोडक्या सायकलींचा ढीग दाखवला आणि म्हणाला, "जो चाहिए इसमें से निकालो." माझ्या ओळखीची दोन माणसं तिथे उभी होती. बाबा उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून ढिगात उतरले. एकेक सीट उचलून अंगठ्याने दाबायची, ठेवून द्यायची, दुसरी घ्यायची. मिस्त्रीने एक जाड, गुबगुबीत सीट पुढे केली. "बाबा, ये लो. मखमल है."

"मऊ हाय," बाबा म्हणाले. "मऊत हाड बुडते. मंग सारा भार मधी येते. नाही पायजे."

त्यांनी काढली ती कडक चामड्याची, मागे रुंद, खाली तीन स्प्रिंगा असलेली, कोणीतरी वापरून मुरवलेली. राखेतलं माप तिच्या रुंद भागावर ठेवून पाहिलं, बरोबर बसलं. मग हँडल. उंच, आणि टोकं मागे माझ्याकडे वळलेली, जशी म्हाताऱ्या पोस्टमनच्या सायकलला असतात. मी म्हणालो, "बाबा, हे कसं दिसन?" ते म्हणाले, "तुले दिसनार नाही. तू वर बसशीन." मिस्त्री हसला. ओळखीचे दोघेही हसले. मी हसलो नाही. तुम्हाला खरं सांगतो, त्या घटकेला ते माझे वडील नसते तर बरं झालं असतं असं वाटलं. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती.

सीटच्या टोकापासून हँडलपर्यंत त्यांनी सुतळीची दुसरी गाठ लावली. कोपर ते बोट. तेवढ्यावर हँडल आणून मिस्त्रीकडून बोल्ट आवळून घेतला. पहिल्या गाठीपाशी थांबले. टाचेपासून हातापर्यंतचं माप. "सायकलवर पाय भुईले लागतच नाही," असं म्हणाले आणि नखाने ती गाठ सोडून टाकली. सोडायला वेळ लागला. सात वर्षांची गाठ होती.

राहिल्या मुठी. रबराच्या मुठी दुकानात नव्हत्या. बाबा म्हणाले, "त्या मी करतो." खोलीवर येऊन त्यांनी फडकं सोडलं. आत तिवसाचं लाकूड निघालं, वाळून चिंचोक्याच्या रंगाचं झालेलं, वरून अर्धवट तासलेलं. मला वाटलं, घरात पडलेला एखादा तुकडा उचलून आणला असेल. त्यांनी माझी मूठ वळवून तिसऱ्या गाठीशी लावली. सुतळी सैल पडली. त्यांनी पुन्हा लावली. मग माझा हात उलटा करून तळवा पाहिला, अंगठ्याने चोळला, आणि म्हणाले, "मूठ लहान झाली तुही."

काम न केलेल्या हाताचं मांस कमी होतं, दुसरं काय. पण ते वाक्य मला लागलं. बाबांनी ती गाठही सोडली आणि नव्या मापावर पुन्हा मारली. दिवसभर ओसरीवर बसून दोन मुठी तासल्या, आतून गिरमिटाने पोखरल्या, बोटं बसतील असे हलके खळगे दिले. संध्याकाळच्या गाडीला निघताना सुतळी माझ्या हँडलला बांधली. "हे राहू दे तुह्यापाशी. घरी याचं आता काम नाही," म्हणाले. या खेपेस मी त्यांच्या पाया पडलो.

महिन्याभरात कंबर सुटली. करंगळ्यांत जीव आला. नोकरी टिकली. सायकलवर मी ताठ बसून जातो म्हणून गोदामावरचे मला "ठाणेदार" म्हणायला लागले. बाबांना मी पत्रातून आभार वगैरे काही लिहिलं नाही. आपल्याकडे बापाला आभार लिहीत नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले. तापाने, तीन दिवसांत. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दिवस झाल्यावर मी अंगणातली त्यांची हत्यारं आवरत होतो. छपराच्या आढ्याखाली, जिथे ते वाळायला लाकूड ठेवत, तिथे एक जागा रिकामी होती. दोन्ही बाजूंना धूळ आणि मध्ये लांबट, स्वच्छ पट्टा. मी मायला विचारलं, इथलं लाकूड कुठं गेलं. ती म्हणाली, "तुले ठाव नाही? तुहं रुमणं होतं ते. तू गेला त्याच साली देवरीकडच्या जंगलातून आणलं. दरसाल अक्तीले काढत, जरासं तासत, आन परत ठेवत. तुहं पत्र आलं त्या दिवशी उतरवलं. मी म्हणलं, काऊन उतरवता? त म्हणाले, पोराची कंबर दुखते."

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. मायला वाटलं, बाबांसाठी रडतो आहे. तेही होतंच. मला वाटत होतं की ते मला न्यायला आले होते आणि माझी कंबर पाहून थांबले. ते तर घरूनच ठरवून निघाले होते. मी येणार नाही हे मी सांगण्याआधीच ओळखून त्यांनी ते रुमणं काखेत धरून आणलं होतं, आणि दिवसभर बसून, मला एक शब्द न बोलता, त्याच्या मुठी केल्या होत्या. पाटावरच्या राखेची लाज, ढिगातल्या उघड्या अंगाची लाज आठवून मला त्या घटकेला कुठे तोंड लपवू असं झालं.

आता लढाई संपली. बाजारात पुन्हा रबराच्या मुठी आल्या आहेत, लाल, हिरव्या, झुपके लावलेल्या. छोटेलाल मिस्त्री दर खेपेला म्हणतो, "बाबूजी, ये लकड़ी कब तक चलाओगे?" चेन दोनदा बदलली, टायर बदलले, त्या सीटची एक स्प्रिंग तुटली तीही बदलली. दीड एकराची बांधी धाकटा भाऊ पाहतो, आणि बरी पाहतो. तुम्ही विचारता, घरी कधी येतोस. दिवाळीला येतो, सुट्टी मिळाली तर लग्नाकार्यालाही येतो. पण रोज सकाळी मुर्रीच्या रस्त्याला लागताना दोन्ही हात त्या मुठींवर ठेवतो, आणि माझं रुमणं हातात येतं.