एक्काहत्तर किलोचे बाबा

माझ्या थोरल्या भावाला सगळं गॅरेज भिंगरी म्हणतं. आई सांगायची, हा रांगायच्या आधीच पळायला लागला. आईचं आपलं कौतुक. खरं असं की लहानपणी तो तासन्‌तास एका जागी बसून मोडकी घड्याळं उचकटायचा. मला पक्कं आठवतं, कारण त्यातलं एक न मोडलेलं होतं आणि माझं होतं. त्याच्या पायाला भिंगरी लागली ती अकरा वर्षांपूर्वी. तेव्हापासून त्याने एकही कप चहा बसून संपवलेला नाही. अर्धा पितो, कप कुठल्या तरी बॉनेटवर ठेवतो आणि दुसऱ्याच गाडीखाली शिरतो. माझी लेथची शेड त्याच्या गॅरेजला लागून आहे, मधे नुसता पत्रा. माझं मशीन थांबलं की पलीकडून त्याच्या चपला ऐकू येतात, इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोकं उठतं.

अकरा वर्षांपूर्वी काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाबांची एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारं, दोनच सीट, नाक लांब आणि शेपूट आखूड. बाबा कारखान्यात टर्नर होते. भंगारात निघालेली ही गाडी त्यांनी उचलून आणली आणि रविवार-रविवार करत सहा वर्षांत चालती केली. त्या दिवशी गाडी दादा चालवत होता आणि बाबा शेजारी बसले होते. पुलाजवळ रस्ता खचलेला होता आणि दादा वेगात होता. मागचे स्प्रिंग वयानं बसलेले, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नावापुरते उरलेले. शेपूट खाली आदळलं ते लोखंडावर लोखंड. दादाला खरचटलंसुद्धा नाही. बाबांचा मणका चिरला.

बाबांनी त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. पण त्यानंतर ते त्याच्या शेजारी कुठल्याच गाडीत बसले नाहीत. दवाखान्यात मी नेते, केस कापायला मी नेते. दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर, मी आणि बाबा खाली, आणि दादा-बाबा एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत. "त्यांना सांग, पंखा दुरुस्त झाला." "त्याला सांग, आवाज अजून येतोय." मधल्या मधे मी पोस्टमन. एकदाच, गॅरेजचं शटर ओढता ओढता दादा मला म्हणाला होता, "ते मला माफ करणार नाहीत गं. एकदा, फक्त एकदा माझ्या शेजारी बसून चक्कर मारून आले असते तरी पुरलं असतं." मी काही बोलायच्या आत तो दुसऱ्या शटरकडे गेला होता.

यंदा त्याने एक लांबट खोका आणला. आत दोन कॉइलओव्हर होते, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र, स्प्रिंग त्याच्याभोवती गुंडाळलेला. बाबांच्या गाडीत मागे स्प्रिंग एकीकडे बसायचा आणि शॉक दुसरीकडे. आता दोन्ही एकाच जागी येणार, आणि खाली असलेली रिंग फिरवली की गाडीची उंची बोटाबोटानं कमीजास्त करता येणार.

"एवढं सोपं असतं तर सगळ्यांनी केलं असतं," मी म्हटलं.

"सोपं नाहीच. वरचा कान बघ." त्याने टॉर्च मारून चाकाच्या वरची जागा दाखवली. "हा नुसता शॉक धरायला दिलाय. आता मागचा सगळा भार याच्यावर येणार. फाटेल तो. मला आतून जाड प्लेटा मारायला लागतील. प्लेटा तू कर."

"वेल्डिंग? बाबांना विचारलंस?"

"तू विचार ना."

विचारलं. बाबांच्या कपाळावर आठ्या. "त्याला सांग, माझ्या गाडीला टाका घालायचा नाही." मी सांगितलं. "त्यांना सांग, बाहेरून दिसणार नाही." मी तेही सांगितलं. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी दोघांनाही न विचारता प्लेटा कापल्या, भोकं पाडली, कडा घासल्या आणि एक प्लेट बाबांच्या मांडीवर आणून ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "भोक अर्धा मिलिमीटर सैल आहे," म्हणाले. म्हणजे परवानगी मिळाली. मी दुसरी जोडी केली.

पुढचे तीन आठवडे दादानं स्वतःला आणि आम्हाला सुखानं बसू दिलं नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्या दिवसभर करायचा आणि मधेच उठून या गाडीखाली जायचा. जुने स्प्रिंग निघाले, त्यांच्या बुडाशी गंजाचा भुगा. प्लेटा बसल्या. टाके त्याने तीनदा घासून पाहिले. जेवताना ताटावरून उठून गेला, कारण एक वॉशर उलटा लागला असेल असं त्याला वाटलं. तो सुलटाच होता. वहिनी म्हणाली, "हे झोपेत पण पाना फिरवतात." ती हसत नव्हती.

या कामात एक गोष्ट आहे जी दादा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. चाक गाडीला जोडणाऱ्या आर्मच्या, म्हणजे दांड्यांच्या, सांध्यात रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट गाडी हवेत टांगलेली असताना आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उभी करायची, सीटवर माणसाचं वजन ठेवायचं, ती रोज जेवढी बसणार तेवढी बसू द्यायची आणि मग पाना लावायचा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक खड्ड्याला गाडी अडते, कण्हते. दुसऱ्या कुणी हवेत आवळलेलं सापडलं की दादाच्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून त्याने चार चाकांखाली वीतभर उंच चौथरे मांडले, त्यांवर चार वजनकाटे ठेवले आणि सीटवर वाळूची दोन पोती बसवली. एक त्याच्या स्वतःच्या वजनाचं, एक बाबांच्या. पोती त्याने एकट्यानेच भरली, नाहीतर मी तिथेच बोलले असते. रिंगा फिरवून उंची जुळवली, बोल्ट आवळले, प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. बाबांच्या पोत्याला शेजारी बसवून गावाबाहेर चक्कर मारून आला आणि मला म्हणाला, "लोण्यासारखी चालते. आता तू त्यांना आण. नुसतं बसायला. गाडी हलणार नाही म्हणून सांग."

"तूच बोलव की."

"तू सांग ना गं. माझं ऐकणार नाहीत ते."

रविवारी दुपारी मी बाबांना आणलं. गाडी पुन्हा काट्यांवर उभी होती, बाबांचं पोतं सीटवरून काढलेलं, दादाचं तसंच. त्या सीटमध्ये उतरायला बाबांना दहा मिनिटं लागली. आधी बूड, मग एक पाय, मग श्वास, मग दुसरा पाय. दादा सबंध वेळ फडक्यानं एकच पाना पुसत होता. पुढे होऊन हात दिला नाही. त्यांना हात लावायची त्याला भीती वाटते, हे मला तेव्हा दिसलं.

बाबा बसले. दादाने गाडीच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बाबांच्या बाजूचा कोपरा बोटभर वर होता. तो काट्यांपाशी गेला, आकडे वाचले, पाटीवर बेरीज केली. पुन्हा केली.

"एकोणीस किलो कमी येतात," तो म्हणाला. "काटा गेला."

त्याने काटे बंद करून चालू केले. कोपरा जॅकवर घेऊन शून्य लावलं. आकडा तोच. काट्यांची अदलाबदल केली. तोच. मग एक काटा ओढून माझ्यासमोर ठेवला. "उभी राहा यावर."

"मोठ्यानं वाचायचं नाही."

मोठ्यानं वाचलं. आकडा बरोबर होता, दुर्दैवानं. काटा परत चाकाखाली सरकवून दादा पुन्हा बेरीज करायला लागला. खडू त्याच्या हातात तुटला. मला ते बघवेना.

"दादा, काटा खरा आहे. पोत्यात किती भरलंस?"

"एक्काहत्तर."

"कुठून आणलंस हे एक्काहत्तर?"

त्याने हत्यारांच्या पेटीचा सगळ्यात खालचा खण उघडला आणि घडी घालून घालून मऊ पडलेला कागद काढला. बाबांना हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हाचा. नाव, वय, मणक्याचं काय ते इंग्रजी, आणि वजन एक्काहत्तर. अकरा वर्षं तो कागद पान्यांखाली ठेवून हा माणूस गाड्या दुरुस्त करत होता.

"बाबा बावन्न किलोचे आहेत," मी म्हटलं. "दर वर्षी त्यांच्या पँटी मी कमरेत आत घेते."

तेव्हा त्याने बाबांकडे पाहिलं. मला वाटतं, अकरा वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मनगट, गळ्यापाशी सैल पडलेली कॉलर, सीटच्या दोन्ही बाजूंना उरलेली जागा.

"कधी झाले एवढे?"

"तू गाड्यांखाली असताना," मी म्हटलं. बोलून गेले आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेलाच.

बाबा समोरच्या काचेतून बघत बसले होते. म्हणाले, "म्हणजे बुश चुकीच्या उंचीला आवळलेत."

"हो." दादा म्हणाला. "सगळे उघडायला लागतील. तुम्ही उतरा, मी पोत्यातली वाळू काढतो."

"वाळू कशाला? मी बसलोय ना. आता परत उतरून चढायला लावू नकोस. कर तुझं काम."

मार्फत नाही, थेट. मला चुकून काही बोलायला लागू नये म्हणून मी भिंतीला टेकले.

दादा चाकांच्या फळीवर आडवा होऊन गाडीखाली गेला. आपणच ओढलेल्या पिवळ्या रेघांचे बोल्ट एकेक करून सैल केले. प्रत्येक बोल्ट सुटताना रबर कुरकुरत होतं. कोपरा जरासा उचलून रिंग फिरवली, खाली सोडला, शेपूट दोनदा दाबून हलवलं, आकडा पाहिला, पुन्हा उचलला. दर वेळी विचारत होता, "त्रास होतोय का?" आणि बाबा दर वेळी "नाही" म्हणत होते. चौथ्यांदा म्हणाले, "होतोय. पण तू घाई करू नकोस."

उंची जुळली. दादा आवळायला पुन्हा खाली शिरला. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि चपला एकमेकींवर घासत होत्या. टॉर्क पाना, पुरेसं आवळलं की वाजणारा, दोनदा कटकन वाजला. तिसऱ्या बोल्टापाशी थांबला.

"बाबा."

"हं."

"माझ्याबरोबर याल का? एक चक्कर?" तोंड दिसत नव्हतं म्हणूनच त्याला हे जमलं असणार. "नाही म्हणालात तरी चालेल."

मी पुढे वाकून बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"मला वाटलं तुलाच मी नको असतो गाडीत," ते म्हणाले. "अकरा वर्षांत विचारलं नाहीस एकदाही. आपणहून कसा बसणार मी? अवघडलेला म्हातारा."

चपला थांबल्या होत्या. मग पाना पुन्हा लागला आणि तिसरा बोल्ट वाजला, चौथा वाजला. दादा बाहेर आला तेव्हा तोंडावर ग्रीस आणि पाणी एकत्र झालं होतं. त्याने ते बाहीनं पुसलं, म्हणजे आणखी पसरवलं.

दादाच्या सीटवरचं पोतं उतरवलं, गाडी चौथऱ्यांवरून खाली घेतली. ठरलं असं होतं की गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी गेटपाशी उभी राहिले. जीव टांगणीला लागणं काय असतं ते मला त्या तीन मिनिटांत कळलं. गल्लीच्या टोकाला गतिरोधक आहे. त्याच्या अलीकडे दादाने गाडी थांबवली. पूर्णच थांबवली. मागून एक टेम्पो आला, त्याने हॉर्न दिला. गाडी हलेना. टेम्पोने पुन्हा हॉर्न दिला. मला वाटलं, संपलं, हा आता उतरून चालत येणार.

तेवढ्यात बाबांचा हात खिडकीतून बाहेर आला. टेम्पोवाल्याला त्यांनी तळवा दाखवला, थांब म्हणून. मग तोच हात आत वळवून डॅशबोर्डवर दोनदा थोपटला.

गाडी गतिरोधकावर चढली. शेपूट खाली बसलं, एकदाच वर आलं आणि शांत झालं. मी श्वास सोडला आणि चहा टाकायला वळले, पण गाडी मागे फिरली नाही. दिवा लुकलुकला आणि ती पुलाच्या बाजूला वळली.

"अरे, कुठे निघालात?" मी ओरडले. चपलेत पाय नीट न घालताच कोपऱ्यापर्यंत धावले. गाडी लांब गेली होती, दोन डोकी दिसत होती, एक उंच आणि एक सीटच्या पाठीवर जेमतेम येणारं. मला त्या दोघांचा भयंकर राग आला आणि मी भर रस्त्यात उभी राहून रडले. टेम्पोवाला विचारत होता, बाई, काय झालं, कुणाला बोलवू का. मी म्हटलं, काही नाही, माझा भाऊ आमच्या बाबांना फिरायला घेऊन गेलाय.