आढळून येत नाही

कचेरी पेणची की रोह्याची, ते मी सांगणार नाही. पुढे अख्खी नोकरी पडली आहे. आमच्या कचेरीतल्या कमळाकर भोईर यांचं घर रोह्याला आणि सासुरवाडी पेणला, तेव्हा त्यांच्यावरूनही कोणाला अंदाज बांधता यायचा नाही.

माहिती अधिकारातले सगळे अर्ज त्यांच्या टेबलावर येतात. ही खुर्ची आमच्याकडे कोणालाच नको असते. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी वही हरवतो, कोणीतरी ती वाळवीच्या स्वाधीन करतो, आणि आज अर्जदार ओरडतो तो भोईरभाऊंच्या अंगावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! डोलवीच्या बाजूचे जमिनीवाले येतात, बांधावरून भांडणारे चुलतभाऊ येतात. एक निवृत्त ग्रामसेवक दर महिन्याला तीन अर्ज टाकतो, आणि ते टाकले नाहीत तर भाऊंनाच त्याच्या तब्येतीची काळजी वाटते.

भाऊ आलेल्या माणसाला आधी बसवतात, पाणी देतात आणि विचारतात, "घरात काय म्हणायचे त्या जाग्याला?" सरकारी नंबर बदलत जातात, मोजण्या होतात, गावं फुटतात, पण जुन्या वहीत तलाठ्याने लिहिलेलं असतं ते गावाच्या तोंडचं नाव. तेवढं कळलं की भाऊ अभिलेख कक्षात शिरतात आणि तासाभराने धुळीने माखलेले, शिंकत बाहेर येतात. संगणकात शोधा म्हटलं की म्हणतात, "तो आपन सांगू तेवढंच शोधतो." मी नवी होते, मूळची नगरची. मला वाटायचं, म्हातारा उगीच मिजास दाखवतो.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी नथानियल कासूकर आले. वय एकोणऐंशी, राहायला रामवाडीला, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. कासूच्या पुढच्या एका गावाच्या कडेला त्यांच्या लोकांची दफनभूमी आहे. त्यांचे लोक म्हणजे इथले इस्रायली, कोकणातले ज्यू. पूर्वी गावोगाव होते, आता बहुतेक सगळे इस्रायलला निघून गेले. कासूकर काकांची मुलगी दीनाही तिकडेच, बाबांनी यावं म्हणून दहा वर्षं मागे लागलेली. काका जात नव्हते, कारण बायको सारा त्या दफनभूमीत होती.

आता शेजारची जमीन घेतलेल्या एकाला ती जागाही हवी होती, ट्रक उभे करायला. सातबारावर नुसतं 'पड' लिहिलेलं. सुनावणी लागली होती. काकांनी अर्ज केला की ही जागा इस्रायल समाजाची दफनभूमी असल्याची जी काही जुनी नोंद असेल तिची नक्कल द्यावी.

"साराच्या बाजूला एक जागा माझ्यासाठी सोडलेली हाय गो," ते मला म्हणाले. "तेवढी ऱ्हायली म्हणजे झालं."

भाऊ तेव्हा निवडणुकीच्या कामावर होते, म्हणून शोध मी घेतला. तीन दिवस घेतला, कामचुकारपणा केला नाही, हे स्वतःच्या बाजूने एवढंच सांगते. इस्रायल पाहिलं, यहुदी पाहिलं, ज्यूसुद्धा पाहिलं. काही नव्हतं. भाऊ परतले तो तिसावा दिवस होता, उत्तर त्याच दिवशी जायला हवं होतं.

"सगळं बघितलंस?" त्यांनी विचारलं.

"हो भाऊ."

त्यांनी सही केली. 'सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.' आमच्या कचेरीतलं सगळ्यात सोपं वाक्य.

आठ दिवसांनी काका पुन्हा आले, निरोप घ्यायला. सुनावणी शुक्रवारी होती, पण ते जाणार नव्हते. कागद नाही तर बोलायचं काय? पुढच्या मंगळवारी दीनाकडे जायचं तिकीट निघालं होतं. भाऊ जागेवर नव्हते. काकांनी त्यांना नमस्कार सांगितला आणि जिना उतरले. माझ्यावर रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

माझ्यासमोर तेव्हा धोंडुबाई बसल्या होत्या. मिठागरावर जन्म गेलेली बाई, बापाच्या नावाचा कागद शोधायला आलेली. त्या जिन्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यो शनवार तेल्यांचा नातू ना गो? ह्यांचा घाना व्हता आमच्या आज्जीच्या दारात. शनवारी बंद. कोन मेला तरी शनवारी तेल नाय मिलायचा."

'शनवार तेली' हे शब्द मी वाचले होते. फेरफाराच्या जुन्या वहीत, दुसऱ्या दिवशी. तेल्यांचं आपल्याला काय करायचंय, असं म्हणून मीच पान उलटलं होतं.

मी खाली अभिलेख कक्षात धावले. वही काढली. १९३१ चा फेरफार, स्वच्छ अक्षरात: 'शनवार तेली यांची मयतांस पुरण्याची जागा.' जुने-नवे नंबर ताडून पाहिले, जागा तीच होती.

खरं सांगायचं तर मी वही मिटून दहा मिनिटं तिथेच बसून राहिले. माझा परिवीक्षेचा काळ महिन्याभरात संपणार होता. उत्तर गेलेलं होतं, म्हातारा निघालेला होता, अपील कोणी केलेलं नव्हतं. गप्प बसले असते तर कोणाला पत्ताही लागला नसता. शेवटी उठले आणि भाऊ आल्यावर वही त्यांच्यापुढे ठेवली.

भाऊ चिडलेले मी तेव्हाच पाहिले. "विचारलं व्हतंस त्यांना, घरात काय म्हणतात?"

"नाही."

त्यांनी ती नोंद पुन्हा वाचली आणि म्हणाले, "तुला ठाऊक नव्हतं, तो गुन्हा नाय. आणि मी तरी कुठं विचारलं? तारीख बघितली आणि सही केली." त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं की पूर्वीचं उत्तर चुकीचं होतं, शोध अपुरा होता आणि त्यास मी जबाबदार आहे. माझंही नाव घाला, असं मी म्हणाले, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही कोनाची हाय?"

त्या कागदापायी भाऊंना खुलाशाची नोटीस आली आणि तोंडाशी आलेली बढती गेली. हे आत्ताच सांगून टाकते. चांगल्या कामाचं फळ चांगलंच मिळतं असं पुढे वाचून कोणाला वाटायला नको.

पत्र पोस्टाने पाठवायला वेळ नव्हता. "तू जा रामवाडीला," भाऊ म्हणाले. "आणि तोंडानं सांग काय झालं ते. कागदाच्या आड नको लपू."

काकांच्या खोलीत दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि नक्कल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं, आता बोलतील मला. ते खाली बघून म्हणाले, "मला ठाऊक व्हतं गो हे नाव."

"म्हणजे?" मी विचारलं.

"शाळेत पोरं ओरडायची मागनं, तेली आला, तेली आला. बाप सांगायचा, आपन इस्रायल, हेच लिवायचं. जन्मभर तेच लिवलं. अर्ज करताना आठवलं पन. हात नाय गेला लिवायला." त्यांनी नकलेची घडी घातली. "चूक तुझी एकलीची नाय. साराची जागा माझ्या लाजेनंच जात व्हती."

मी रडले. त्यांनी चहा केला.

शुक्रवारी भाऊ मूळ वही कापडात गुंडाळून सुनावणीला घेऊन आले. वरच्या साहेबांनी नोंद वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अर्जदार इस्रायल म्हणतात. इथे तेली लिहिलंय. याचा संबंध काय?"

समोरचा वकील हसला. "साहेब, तेली समाजात तर दहन करतात."

भाऊ बोलायला पुढे झाले. काकांनी त्यांना हाताने थांबवलं आणि स्वतः उठले. उठताना गुडघे धरले होते. मी आधार द्यायला गेले तर तोही घेतला नाही.

"मी सांगतो संबंध," ते म्हणाले, आणि आवाज इतका मोठा होता की दारातला शिपाईही आत डोकावला. "हासाजी शनवार तेली. माझा आजा. घाना चालवायचा, शनवारी देवासाठी बंद ठेवायचा. त्याला त्याच जाग्यात पुरलाय. त्याच्या पायथ्याशी माझी बायको हाय. मी त्या तेल्याचा नातू, साहेब. लिवून घ्या."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि काकांनी त्याखाली सही केली: नथानियल एलियाह कासूकर, शनवार तेली.