पाळकसाहेबांनी मोडायला लावलेला ऊस

मी चार बुकं शिकलो, पायावर उभा राहिलो, ते आमच्या भागातल्या पाळकसाहेबांमुळे. मातीच्या शास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्यांनी चर्चची सेवा पत्करली होती. रविवारची उपासना आटोपली की चर्चमागच्या खोलीत ते माती तपासायचे. बारामती-इंदापूरकडचे शेतकरी, कुठल्याही धर्माचे, पिशव्या घेऊन तिथे बसलेले असायचे.

आमचं रान पणदऱ्याला. ऊस पिवळा पडायला लागला तेव्हा आईनं बांधाकडची काळीभोर माती चाळली आणि धुतलेल्या फडक्यात बांधून नेली.

"देवाच्या घरी खराब माती कशी न्यायची?" ती म्हणाली.

साहेब हसले. "ताई, दवाखान्यात आजारी माणूस आणायचा असतो. तुम्ही शेजारचा पैलवान आणलात."

मग ते स्वतः रानात आले, खड्डा खणून बघितला. पाणी देऊन देऊन जमीन खारावली होती. ऊस मोडा, पाणी काढायला चर खणा, ताग पेरून मातीत गाडा, असं त्यांनी सांगितलं.

वडील म्हणाले, "भावकी हसंल की, साहेब."

"हसू द्या. आणि या पोराला कृषी कॉलेजात घाला. पुढे त्यालाच विचारा, मला नको."

वडिलांनी दोन्ही ऐकलं. घरातला पहिला पदवीधर मी.

आता साहेब इंदापूरला बहिणीकडे असतात. अंथरुणावरून उठवत नाही. परवा भेटायला गेलो तर म्हणाले, "माझ्या शब्दावर किती घरांनी ऊस मोडला. तुमचं रान तरी सुधारलं का?"

बहीण मला आत घेऊन गेल्या. "सुधारलं म्हणा. झोप तरी लागेल त्याला."

माझ्या तोंडून ते निघेना. माती तपासून कळवतो, असं साहेबांना म्हणालो. तपासली आणि हे पत्र धाडलं:

आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार. रान सुधारलं नाही. काही वर्षं गहू चांगला आला, मग वरच्या रानांचं पाणी आमच्यात उतरलं आणि जमीन पुन्हा खारावली. चर ओढ्यापर्यंत न्यायला खालची भावकी वाट देईना. खूप विनवलं. तुमचं निदान बरोबर होतं, पण एकट्या आमच्या तुकड्यानं ते निभणारं नव्हतं. हे लिहिताना जीव तुटतो. पण तुम्हाला खोटं कळवणं मला जमणार नाही.

आई विचारते, आमच्या देवापुढे तुमच्यासाठी हात जोडलेले तुम्हाला चालतील का? चालत नसेल तर तिला सांगू नका. ती रोज जोडते.

तुमचा विद्यार्थी