तिसरी कॉइल

माझा थोरला भाऊ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गॅरेज त्याचं, आणि भिंतीला भिंत लागून स्पेअर पार्टचं दुकान माझं. गाडी त्याच्याकडे येते, तो हाक मारतो, मी वस्तू काढून देतो. असं एकतीस वर्षं चाललंय. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. ती केवळ आम्हा भावांच्या भांडणाच्या सोयीसाठी पाडलीय, असं वहिनी म्हणतात.

दादाचा एक नियम माझ्या धंद्याच्या मुळावर उठलेला. मीटर लावल्याशिवाय वस्तू बदलायची नाही. "जळली हे कुणीही सांगेल. का जळली ते सांग," असं तो गिऱ्हाइकालाही सुनवायचा. राग नाकावर, जीभ तिखट, पण काम देखणं. दोन तारा जोडल्या की वर टेप आणि टेपवर मेणाचा दोरा, मोजून आठ वेढे, टोक काडीने जाळून चिकटवलेलं. टेप इंजिनाच्या उष्णतेने सुटते, दोरा सुटत नाही, हे त्याच्या उस्तादाने शिकवलेलं. असं दुसरं कुणी करत नाही, कारण दुसऱ्या कुणाला एवढा वेळच नसतो.

त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक मोजणीदार काका. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता निवृत्त. गाडी अठ्ठावीस वर्षांची. काकूंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, त्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. परत येताना काकूंना बसायचंही त्राण नसे, मागच्या सीटवर उशी टाकून त्यांना आडवं करून आणत. त्या घराचा सगळा जीव त्या गाडीत अडकलेला होता.

गेल्या हिवाळ्यात ती गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. थंड असताना छान चालायची, तापली की मान टाकायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. दादाने बॉनेट उघडलं, मीटर लावला आणि शिवी हासडली. या जुन्या गाडीतल्या, इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलला बॅटरीचा पूर्ण बारा व्होल्टचा दाब सोसत नाही. म्हणून मध्ये चिनीमातीचा एक पांढरा रेझिस्टर असतो, तो दाब कमी करून पुढे देतो. कुणीतरी त्याला बगल देऊन थेट तार जोडली होती. अशाने गाडी झटकन सुरू होते, पण कॉइल आतल्या आत भाजत राहते आणि महिन्या-दीड महिन्यात जाते.

"कुठल्या गाढवाने केलंय हे?" म्हणत दादाने तार उपटून भंगाराच्या पिंपात फेकली. नवी कॉइल बसवली, मीटर नऊ व्होल्टवर आल्याचं मला खिडकीतून बोलावून दाखवलं.

सहा आठवड्यांनी तीच गाडी, तेच दुखणं, तीच तार. या वेळी दादाने काकांनाच धरलं. "दुसऱ्या मिस्त्रीकडे जायचं तर खुशाल जा. पण त्याची घाण निस्तरायला माझ्याकडे येऊ नका."

काका शांतपणे म्हणाले, "मी कुठेही गेलो नाही, मिस्त्री. तुम्हीच लावली ती तार. त्या दिवशी सकाळी गाडी सुरू होत नव्हती, हिची वेळ चुकत होती. तुम्ही घरी येऊन जोडलीत आणि म्हणालात, आत्ता जा, उद्या आणा, नीट करून देतो. गाडी चालत होती, म्हणून मी आणली नाही. चुकलंच माझं."

"मी लावली? मी?" दादाचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

आणि मी, अक्कल पाजळायला सदा तयार, खिडकीतून डोकं काढून म्हणालो, "काका, एकतीस वर्षांत माझ्या भावाने असलं काम केलेलं नाही. वयाप्रमाणे तुमच्या लक्षात राहत नसेल."

काकांनी माझ्याकडे फक्त बघितलं. तो क्षण आठवला की मला अजूनही स्वतःची लाज वाटते.

तिसऱ्या खेपेला गाडी परतीच्या वाटेवर बंद पडली. आजूबाजूला ना झाड, ना घर. उन्हं तापलेली, आणि मागे काकू. दोन तासांनी एका ट्रकवाल्याने दोघांना उचलून पुन्हा हॉस्पिटलात पोचवलं. काकूंचा रक्तदाब इतका खाली गेला होता की चार दिवस ठेवून घ्यावं लागलं. गाडी दुसऱ्या दिवशी दोर लावून ओढत आणली.

दादा जेवायला घरी गेला होता. मी म्हटलं, बघू तरी. बॉनेट उघडलं. रेझिस्टरला बगल देऊन तार होतीच. जोडावर टेप होती, आणि टेपवर मेणाचा दोरा. मी वेढे मोजले. मग पिंपात हात घालून आधीच्या दोन तारा शोधल्या. त्यांच्यावरही आठ-आठ वेढे, जाळलेलं टोक.

मी आधी वहिनींकडे गेलो. दादा आत पडला होता. मी सांगत असतानाच त्या ओट्याला टेकून खाली बसल्या.

"दिवसातून दोनदा दूध आणतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "परवा मला विचारलं, आई जेवली का. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, भावोजी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसण्यावारी न्याल असं वाटलं. आणि मलाही ते खरं व्हायला नको होतं."

दुपारी मी तिन्ही तारा दादासमोर ठेवल्या. त्याने चष्मा लावला. एक तार उचलून उजेडात धरली, जोड नखाने चाचपला.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. "कुणाचं?"

तो पुन्हा बघायला लागला. वेढे मोजत त्याचे ओठ हलत होते. आठवर थांबले. त्याने तार खाली ठेवली.

"काढलेली आठवते रे," शेवटी तो म्हणाला. "दोन्ही वेळा काढलेली लख्ख आठवते. लावलेली एकदाही आठवत नाही."

"होतं असं वय झालं की," मी म्हणालो.

"तू गप. काकूंना काही झालं असतं तर?"

मग तो उठला आणि त्याने ती गाडी नीट केली. हात कुठेही अडखळला नाही. रेझिस्टर काढून ठोकून पाहिला, फुंकर मारून पाहिली. त्यात केसाएवढी चीर होती. थंडीत संपर्क तुटायचा, ऊब लागली की जुळायचा, म्हणून मीटरलाही चकवा बसत होता. नवा रेझिस्टर हवा होता, एवढंच. तो माझ्या दुकानात वरच्या फळीवर होता, एक सोडून दोन. उद्या टाकू असं ठरवून तो तेवढ्यापुरती तार लावायचा, आणि ते उद्या त्याच्या डोक्यातून पुसून जायचं. मला एकदाही हाक मारली नाही. याचा मला इतका राग आला, आणि राग कुणावर काढायचा हे कळेना.

काम झाल्यावर हात पुसत त्याने सांगितलं, "या वर्षात माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या गाड्या परत बोलाव. दुसऱ्या मिस्त्रीला दाखव. कारण विचारलं तर खरं सांग."

आणि त्याने स्वतः फोन उचलून मोजणीदार काकांना लावला. मी खिडकीशी उभा होतो. "तार मीच लावली होती, काका. तुम्ही खरं बोलत होतात, मी तुम्हाला नको ते बोललो. माफ करा. काकू कशा आहेत?" जन्मात कधी कुणाची माफी न मागितलेला माझा भाऊ, शब्द न् शब्द नीट उच्चारून बोलला. फोन ठेवला, तोंडावर पाणी मारून आला, स्टुलावर बसला.

दहा मिनिटं गेली असतील. त्याने पुन्हा फोन उचलला.

"काका, मिस्त्री बोलतोय. तार मीच लावली होती. तुम्ही खरं बोलत होतात…"

फोनचा आवाज मोठा होता, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. काका प्रथमच ऐकत असल्यासारखे म्हणाले, "असू द्या हो, मिस्त्री. बरं झालं, फोन केलात. ही बरी आहे आता."

दादाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "कधीपासून मनात होतं. आज एकदाचं बोलून टाकलं."