वहिनीच्या गोठ्यावर पडलेला गोळा

माझा थोरला भाऊ आणि वहिनी अकोले तालुक्यातल्या डोंगरात भातशेती करतात. मी नगरला सावेडीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. ऐन भातकापणीत एका दुपारी दादाचा फोन आला, "गोठ्यावर आभाळातून काहीतरी पडलंय. गाय गेली."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पोचले. गोठ्याचं छप्पर फाटलं होतं, आढं मोडलं होतं. अंगणात हंड्याएवढा काळा गोळा पडला होता, दोरा गुंडाळल्यासारखी त्याची वीण, एका बाजूला जळलेला. कुठल्यातरी रॉकेटची टाकी असावी, एवढं मला कळलं. आसपासच्या गावांतून जीपा भरभरून माणसं आली होती आणि गोळ्याशेजारी उभं राहून फोटो काढत होती. गाय सात महिन्यांची गाभण होती. तिला कालच पुरलं होतं. तिच्याबद्दल कुणी विचारत नव्हतं.

वहिनी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "ताई, ती जित्ती हुती. गोळा तिच्या पाठीवर हुता. मी दोन्ही हातांनी ढकलला. चटके बसले, तरी ढकलला."

दुपारी हातमोजे आणि मास्क घातलेले सरकारी साहेब आले. त्यांनी विचारलं, "कुणी हात लावला का याला?"

"मी लावला," वहिनी म्हणाली.

साहेब दोन पावलं मागं सरकले. हात धुतले का, दवाखान्यात गेलात का, एवढंही त्यांनी विचारलं नाही. मी पुढं झाले. "यात विषारी इंधन असतं ना?"

"तपासणी झाल्यावर कळेल, मॅडम."

गोळा टेम्पोत घालून ते निघून गेले. मी वहिनीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "भाजलंय त्याचं मलम देतो. पण त्या टाकीत काय होतं ते कळल्याशिवाय मी तपासू तरी काय?" मी साहेबांच्या कार्यालयात फोन लावत राहिले. अहवाल गोपनीय आहे, असं उत्तर मिळालं. टाकीत काय होतं ते जगापासून लपवा हवं तर, पण जिचे हात भाजले तिच्यापासूनही? हाताला विष लागलं असेल या धास्तीनं महिनाभर वहिनीनं पिठात हात घातला नाही. दादा भाकऱ्या थापायचा. मग अहवालाची वाट बघून ती कंटाळली आणि परत चुलीपुढं बसली.

मला स्वतःचीही चीड येते. रॉकेट उडताना मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावते. वर गेलेलं कुठं उतरतं, हे मी कधी शिकवलं नव्हतं.

मदतीच्या अर्जासाठी तलाठी घरी आले. मीही गेले होते. त्यांच्या कागदावर पूर होता, गारपीट होती, वीज होती, बिबट्या होता. ते म्हणाले, "मावशी, वीज पडून गाय मेली असं लिहितो. सही करा, काम होऊन जाईल."

त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण वहिनी उठून उभी राहिली.

"भाऊसाहेब, आभाळात ढग न्हवता. मी खोटं का लिवू? ज्यानं टाकलं त्याचं नाव लिवा."

"ते मला कसं कळणार?"

"मग कळंल तवा या."

तिनं सही केली नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि तिला असं उभं राहावं लागलं याचा संताप आला.

ज्या देशानं रॉकेट सोडलं त्यानं नुकसान भरून द्यायचं, असा देशादेशांत करार आहे. पण मागणी आपल्या सरकारनं करायची असते. मी तसा अर्ज केला. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: सदर वस्तू आपल्या देशाची नाही, प्रकरण पुढील कार्यवाहीसाठी वरिष्ठांकडे पाठवले आहे. मग कुणाची, ते लिहिलं नव्हतं. मागणी केली का, तेही नाही.

ते पत्र मी वहिनीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "वरिष्ठ म्हंजी कोन?"

तेच विचारायला मी पुन्हा अर्ज केला आहे.